तेलातला सरकारी वाटा आणि पारूबायची दोरी

अरबी समुद्रातल्या तेलाच्या शोधात तुम्ही भागीदार आहात, मग भागीदारांच्या बैठकीला तुम्ही का आला नाहीत?

दचकू नका. तुम्हाला निमंत्रण गेलं नव्हतं हे मला ठाऊक आहे, कारण निमंत्रणं पाठवायचं काम माझ्याकडेच होतं आणि यादीत तुमचं नाव नव्हतं. पण तुमच्या वतीनं तिथे एक साहेब बसले होते. साहेब तुमच्या वतीनं चहा प्यायले, तुमच्या वतीनं जेवले आणि तुमच्या वतीनं गप्प बसले. ही हकीकत त्या गप्प बसण्याची आहे, आणि ते एकदा कसं मोडलं त्याची.

मी मूळची पनवेलची. वडील गव्हाणचे. पनवेलच्या बाजारात त्यांचं स्क्रीन प्रिंटिंगचं दुकान आहे. लग्नपत्रिकांवर घर चालायचं आणि पत्रकांवर वडील चालायचे. जमिनी गेलेल्यांची पत्रकं, मिठागरांच्या कामगारांची पत्रकं, बंदराच्या गेटवर वाटायची पत्रकं. मी अक्षरं गिरवली ती 'जाहीर निषेध' या दोन शब्दांवर. इतर मुलींना परीकथा ऐकून झोप लागायची, मला मागण्यांची यादी ऐकून लागायची. बाबांचा पत्रकाबद्दल एकच नियम होता. ते म्हणायचे, "शेवटच्या ओळीत वाचणाऱ्याला काय तरी काम दे. नायतर त्या कागदात लोक भजी बांधतात."

अशा घरातली मुलगी सरकारी तेल कंपनीत कशी गेली? कंत्राटी जागा निघाली होती, म्हणून. पद होतं 'समन्वय सहायक'. आमच्या टेबलावर समुद्रातल्या एका परवान्याचं काम चाले. तो परवाना एका खासगी कंपनीच्या हातात होता आणि त्यात आमच्या सरकारी कंपनीचा वाटा होता. मी गेले ती छाती फुगवून. जनतेचा वाटा सांभाळायला मिळतोय, आणखी काय हवं! पहिल्या आठवड्यात मला बिस्किटांचे पुडे कुठून आणायचे ते दाखवण्यात आलं.

माझे साहेब होते वर्तक. निवृत्तीला टेकलेले, गोड बोलणारे, खिशात कायम बडीशेपेची डबी. मी मुलाखतीत 'जनतेची मालकी' हे शब्द वापरले, तेव्हापासून ते मला कॉम्रेड म्हणत.

आता हा धंदा सरळ सांगते. समुद्राच्या तळाखाली जे आहे ते देशाचं, म्हणजे कायद्यानं सरकारच्या हातातलं. सरकार नकाशावर समुद्राचे चौकोन आखतं, त्यांना ब्लॉक म्हणतात. त्या चौकोनात तेल आणि वायू शोधायचा परवाना कंपनीला मिळतो. शोधणं हा महागडा जुगार आहे, कित्येक विहिरी कोरड्या निघतात. म्हणून आमच्या ब्लॉकच्या जुन्या धाटणीच्या करारात सरकारनं हुशारी केली होती. वाटा पहिल्या दिवसापासून आपला, पण शोधण्याचा खर्च दुसऱ्यांनी करायचा. तेल लागलं तर आपण वाटा उचलायचा आणि तिथून पुढच्या खर्चात उतरायचं. नाही लागलं तर हात झटकून घरी. हल्लीच्या करारांची रीत वेगळी आहे, तिथे सरकार बहुधा उत्पन्नातच हिस्सा घेतं. पण जुने करार अजून जिवंत आहेत आणि आमचा तर चांगलाच टुणटुणीत होता.

वाट्याबरोबर एक खुर्ची मिळते. भागीदारांची समिती असते. या वर्षी कुठे शोधायचं, कधी शोधायचं, कोणतं जहाज आणायचं, ते ही समिती मतानं ठरवते. आमच्या करारात खासगी कंपनीचं एकटीचं मत पुरत नव्हतं, आमचंही लागायचं. म्हणजे किल्ली आपल्याच खिशात! मी हे कलम पहिल्यांदा वाचलं तेव्हा खुर्चीवरून उठून वर्तक साहेबांच्या टेबलाशी गेले.

"साहेब, आपल्याशिवाय ह्यांचं पान हलत नाही!"

"पुढचं कलम वाच," साहेब बडीशेप चघळत म्हणाले.

पुढचं कलम असं होतं: जो भागीदार मुदतीत उत्तर देणार नाही, तो हो म्हणाला असं धरलं जाईल.

आता आमची कामाची पद्धत ऐका. ठराव आला की मी टिपण करायचे. टिपण साहेबांच्या सहीनं वर जायचं. वरून आणखी वर जायचं. तिथून उत्तर यायचं, नाही असं नाही, पण तोवर मुदत संपून आपण केव्हाच हो म्हणून बसलेले असायचो. एकदा वरून कडक शब्दांत नकार आला, तेव्हा ज्या कामाला नकार होता ते काम आटोपून जहाज परतही गेलं होतं. साहेबांनी त्या नकारावर सुंदर अक्षरात लिहिलं, 'नोंद घेतली.'

"साहेब, आपण कधी नाही म्हणतो का हो?"

"अगं कॉम्रेड, नाही म्हणायला परवानगी लागते. गप्प बसायला लागत नाही."

मधल्या काळात लोक मात्र यायचे. तेलाचं ऑफिस म्हटलं की लोकांना काय काय वाटतं! एक गृहस्थ पेट्रोलमध्ये सवलत मागायला आले होते. सरकारचा वाटा म्हणजे आमचा वाटा, मग आमची गाडी आमच्याच तेलावर फुकट का नाही, असा त्यांचा सवाल होता. तत्त्वतः मला तो पटलाही. दुसरे एक आले जासईहून. हातात सोन्याचं कडं आणि बाटलीत काळपट पाणी.

"मॅडम, बोअर मारली तं यो निंगाला. तेल हाय का नाय, तेवरा सांगा फक्त."

मी बाटली उघडून हुंगली. "तुमच्या बोअरच्या शेजारी काय आहे?"

"काय नाय, कंटेनरचा यार्ड हाय. ट्रेलर उभं रातात."

"मग हे ट्रेलरचं डिझेल आहे दादा, जमिनीत झिरपलेलं. हे पाणी पिऊ नका आणि यार्डवाल्याला जाब विचारा."

दादांचा चेहरा उतरला. मग त्यांनी मुद्द्याचं विचारलं, "बरा, पण खरोखरचा लागला असता तं? सातबारा माझ्या नावावर हाय."

"सातबारा तुमचा, पण खालचं तेल सरकारचं."

"मंजे वरती मी आणि खाली सरकार?"

"हो."

"मंग सरकारनं भाडा द्याला पायजे ना वरच्याला!" असं म्हणून ते बाटली घेऊन गेले. वर्तक साहेब हा किस्सा महिनाभर सगळ्यांना सांगत होते.

तर अशात एक ठराव आला. खासगी कंपनीला समुद्राच्या तळाची पाहणी करायची होती. एक जहाज मागे लांबच लांब केबल ओढत फिरतं, पाण्यात दाबलेल्या हवेचे बार सोडतं आणि तळाखालून परत येणारा आवाज ऐकत नकाशा बनवतं. त्या केबलच्या वाटेत जाळं येऊन चालत नाही. म्हणून जहाज फिरतं तेवढ्या भागातून मासेमारीच्या बोटींना हाकलतात. आणि वेळ कोणती निवडली होती? दसऱ्यानंतर. पावसाळ्याची बंदी उठून बोटी दर्यात रुळलेल्या, समुद्र निवळलेला, मासळीचा ऐन हंगाम. कोळीवाड्यांचं वर्षभराचं पोट त्या दिवसांवर चालतं. तेच काम शिमग्यानंतर, मासळी कमी असते तेव्हा करता आलं असतं. पण जहाज दसऱ्यानंतर मोकळं होतं, म्हणून समुद्रही तेव्हाच मोकळा करायचा!

मच्छीमारांना 'माहिती देण्यासाठी' उरणकडच्या एका कोळीवाड्यात बैठक ठरली. खासगी कंपनीचे मेहरोत्रा आले, त्यांनी टी-शर्ट आणले होते. पाठीवर कंपनीचं चिन्ह आणि त्याखाली हसणारा मासा. मला दुभाषी म्हणून नेलं होतं.

सोसायटीच्या हॉलमध्ये पुढच्या सतरंजीवर पारूबाय बसली होती. सोसायटीची अध्यक्ष, दोन बोटींची मालकीण, आवाज असा की भोंग्याची गरज नाही. तिनं टी-शर्ट उलटापालटा करून बघितला.

"यो मासा कंचा गो? हसतंय कशाला? त्याला सांगितला नाय वाटतं जहाज येतंय ते."

हॉल खदखदला. मेहरोत्रांनी मला विचारलं, "क्या बोल रही हैं?"

"माशाची जात विचारतायत," मी म्हटलं.

मग पारूबायनं मुद्दा धरला. "तेल लागला तं आमाला काय? डरम देनार का एकेक?"

ड्रम नाही मिळणार, हे समजावताना माझ्यातली पत्रकवाली जागी झाली. मी म्हटलं, "पारूमावशी, तुमच्या बोटीवर मासळीचे वाटे कसे पडतात?"

"डिझेल-बर्फ काढायचा. मंग बोटीचा वाटा, जाल्याचा वाटा, तांडेलाचा, खलाशांचा."

"तसंच हे. जहाज कंपनीचं. पण ज्या समुद्रात ती शोधतेय तो आपला, म्हणून सरकारचा वाटा. आणि सरकारचा वाटा म्हणजे तुमचा-आमचा वाटा."

बऱ्याच माना डोलल्या. मला वाटलं, काय पटवून दिलंय मी! पारूबाय मात्र डोळे बारीक करून बघत होती.

"वाटा हाय ना? मंग दोरीला हात कोन लावतंय?"

दोरी म्हणजे काय, ते तिनंच सांगितलं. पावसाळ्याआधी बोटी पाण्यातून वर ओढतात. त्या दिवशी बोटीत ज्याचा ज्याचा वाटा आहे, त्यानं किनाऱ्यावर यायचं आणि दोरीला हात लावायचा. बोटीत फक्त पैसा घातलेला मुंबईचा दीर असो की गुडघे गेलेला म्हातारा. जोर नसला तरी चालेल, पण हात लागला पाहिजे. हात लावला नाही तर पुढच्या हंगामाला त्याचा वाटा धरत नाहीत. त्यांच्या गावची ही रीत.

"तं तुजा सरकार दोरीला हात लावतंय का नुसता वाटा घेतंय?"

"वाटासुद्धा अजून घेतलेला नाही," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

"मंजे कायच करत नाय!" पारूबायनं निकाल दिला आणि टी-शर्ट शेजारच्या नातवाला घातला. त्याला तो पायापर्यंत आला.

मी पनवेलला परत आले ती थेट बाबांच्या दुकानात. तासाभरात पत्रक लिहिलं. मथळा: 'सरकारचा वाटा तो तुमचा वाटा!' खाली जहाज काय करणार, कधी करणार, समिती काय असते, गप्प बसणं म्हणजे हो कसं, सगळं साध्या भाषेत. बाबांनी वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"शेवटी काम काय दिलंस?"

"हे काय, 'आपल्या वाट्याला विचारा, तू काय बोलणार?' असं लिहिलंय."

"कवा नि कुठं इचारायचा? पत्रकाला तारीख-जागा नको?"

पत्रकाला तारीख-जागा हवीच. हात सवयीनं चालला आणि मी समितीच्या बैठकीची तारीख आणि हायवेवरच्या हॉटेलाचं नाव टाकलं. माझी कल्पना अशी की सोसायटी त्या तारखेआधी एक निवेदन पाठवेल, मी ते टिपणाला जोडेन आणि टिपण वर जाईल. बघा, नोकरीनं मलाही किती बिघडवलं होतं!

पत्रकं छापून मी कोळीवाड्यात वाटली, पण निवेदन काही आलं नाही. बैठकीचा दिवस उजाडला. टिपणाचं उत्तर वरून आलेलं नव्हतं, हे सांगायला नको. मुदत ती बैठक संपेपर्यंतच होती. गार हॉल, पांढरी टेबलं, भिंतीवरच्या पडद्यावर परदेशातला तिसरा भागीदार. त्याचं इंटरनेट गोठलेलं, त्यामुळे तो डोळे मिटून तोंड उघडं अशा अवस्थेत सकाळभर आमच्याकडे बघत होता. मेहरोत्रांनी ठराव वाचला. वर्तक साहेब जेवणाची यादी वाचत होते.

तेवढ्यात बाहेरून आवाज आला. मला तो आवाज ओळखायला क्षणही लागला नाही.

"किधर जाना है?" रखवालदार विचारत होता.

"मिटिंगला."

"किसकी तरफ से?"

"कोनाच्या तरफ शी नाय. भागीदार हाय आमी!"

रखवालदारानं पत्रक मागितलं, मराठी अक्षरं लावत मथळा वाचला आणि दार उघडलं. अख्ख्या हॉटेलात करार नीट समजलेला तो एकटाच निघाला.

पारूबाय आणि तिच्याबरोबर सोसायटीच्या बायका रांगेनं आत आल्या. नऊवारी, अंबाडे, अबोलीचे गजरे आणि डोक्यावर झाकलेल्या टोपल्या. भागीदार एकत्र जमले की एकत्र जेवतात, ही त्यांची पद्धत, म्हणून घरून तळलेले बोंबील आणि तांदळाच्या भाकऱ्या आणल्या होत्या. टोपल्या पांढऱ्या टेबलांवर ठेवल्या गेल्या. वास पसरला आणि जेवणाची यादी वर्तक साहेबांच्या हातून गळून पडली.

"मॅडम जी, ये लोग कौन हैं?" मेहरोत्रा उभेच राहिले.

मी म्हटलं, "जनता. करारात उल्लेख आहे."

"इनको बाहर... ये क्लोज्ड मीटिंग है!"

पारूबायला हिंदी येते, ती मासळी मुंबईत विकते. "साब, मीटिंग बंद है तो दर्या भी बंद रखो ना. दर्या क्यों खुला करते हो जहाज के लिए?" मग तिनं हॉलभर नजर फिरवली. "यांच्यात आमचा वाटा कंचा?"

सगळ्यांनी वर्तक साहेबांकडे बघितलं. गोठलेला परदेशी भागीदारसुद्धा तिकडेच बघतोय असं वाटत होतं. पारूबाय साहेबांच्या समोरची खुर्ची ओढून बसली. मला वाटलं, आता आवाज चढणार. तिनं बोंबलाची टोपली त्यांच्याकडे सरकवली आणि एकदम हळू बोलली.

"साहेब, खा. नायतरी दसऱ्यानंतरचा बोंबील या सालाला नाय मिलनार तुमाला. माजी एक बोट नवी हाय, पयलाच हंगाम. तुमचा वाटा हाय ना हितं? मंग लावा की हात दोरीला. जोर आमी लावतो."

साहेबांनी बोंबील उचलला नाही. माझ्याकडे बघितलं. खरं सांगते, मला त्या क्षणी त्यांची दया आली. हो म्हणायला त्यांना परवानगी लागत नव्हती, नाही म्हणायला परवानगी नव्हती, आणि समोर मासे होते.

मी त्यांच्या कानाशी वाकले. "साहेब, गप्प बसण्याच्या कलमाखाली आणखी एक कलम आहे. भागीदारानं माहिती मागितली, तर माहिती मिळेपर्यंत मुदत थांबते. माहिती मागायला वरची परवानगी लागत नाही."

"नक्की?"

"मी तेच वाचत वाढले, साहेब. मागण्या."

साहेबांनी बडीशेपेची डबी बंद करून खिशात ठेवली. उभे राहिले. नोकरीत पहिल्यांदाच बैठकीत उभे राहिले असतील, कारण माइक कुठे असतो ते त्यांना सापडेना.

"आमची कंपनी माहिती मागते. हे काम ऐन हंगामात केल्यानं मासेमारीवर काय परिणाम होईल, आणि शिमग्यानंतर का करता येत नाही? लेखी उत्तर द्यावं. तोवर आमची संमती धरू नये."

पारूबायनं टाळी वाजवली नाही. फक्त भाकरी मोडून साहेबांच्या पुढ्यात ठेवली. मग साहेब जेवले. असे जेवले की मेहरोत्रांनाही राहवलं नाही.

पुढचं थोडक्यात. लेखी उत्तर बनवायला खासगी कंपनीला इतका वेळ लागला की ते जहाज दुसऱ्या कामावर गेलं. पाहणी शिमग्यानंतर झाली. कोळीवाड्याच्या बोटी दसऱ्यानंतर नेहमीसारख्या दर्यात गेल्या, पारूबायची नवी बोटसुद्धा. शिमग्यानंतर जहाज आलं तेव्हा तिनं त्याला किनाऱ्यावरून हात केला असं म्हणतात. तेल लागलं की नाही, ते अजून कुणालाच ठाऊक नाही.

माझं कंत्राट पुढे वाढवलं नाही. कारण लेखी मागितलं, तर उत्तर आलं 'नोंद घेतली'. त्याची मला फारशी खंत नाही. खंत वेगळी आहे. त्या खुर्चीशेजारी मी जितकी वर्षं बसले, तितकी वर्षं ठराव येत होते आणि आपण गप्प बसून हो म्हणत होतो. त्यातला एकच अडला, आणि तोही टोपली घेऊन बायका आल्या म्हणून. बाकीच्या ठरावांच्या वेळी कुणाच्या दारात काय गेलं, कुणाचा हंगाम बुडाला, ते मला कधीच कळणार नाही.

यंदा पावसाळ्याआधी बोटी वर ओढायला मी कोळीवाड्यात गेले होते. बाबाही आले. दोरीला माणसं लागली होती, आणि रांगेच्या टोकाला, निवृत्त झालेले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेले वर्तक साहेब उभे होते. जोर शून्य. पण हात दोरीवर.

"साहेब, तुम्ही कसे?"

"पारूबाईंनी निरोप पाठवला. म्हणे, हात नाही लावला तर पुढच्या हंगामाला बोंबील बंद. अगं कॉम्रेड, ह्यांचं कलम आपल्या करारापेक्षा कडक आहे!"

आता बाबांच्या नियमाप्रमाणे शेवटी काम. तुमच्या समुद्रात, तुमच्या डोंगरात, तुमच्या शेताखाली जिथे जिथे सरकारचा वाटा आहे, तिथे तुमच्या वतीनं कुणीतरी खुर्चीवर बसलेलं आहे. हा अंक खाली ठेवल्यावर एक साधा कागद घ्या. तुमच्या भागातली एक खाण, एक बंदर, एक परवाना निवडा, आणि संबंधित खात्याला माहितीच्या अधिकारात विचारा: आमच्या वाट्याची खुर्ची कुणाकडे आहे, आणि गेल्या बैठकीत आमच्या वतीनं काय सांगितलं गेलं? उत्तर 'नोंद घेतली' असं आलं तर कागदावर थांबू नका. पुढच्या बैठकीची तारीख आणि जागा शोधून काढा, आणि जा. जेवण घरून न्या.